ईदकार्ड घरीच करू या : ठसा खोडरबराचा, मजकूर आपल्या हाताचा

रमजानचा शेवटचा अशरा लागला की मोबाईलवर चंद्रकोर, मिनार आणि चमकत्या अक्षरांच्या चित्रांचा पाऊस सुरू होतो. चाँदरातीला तर फोन थांबतच नाही. ईदगाहवरून नमाज पढून घरी येईपर्यंत ती सगळी चित्रे खाली सरकलेली असतात आणि कोणी काय पाठवलं हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. पाठवणाऱ्यानेही ती कुठून तरी आलेली तशीच पुढे ढकललेली असतात. त्यात आपल्या नानीचं नाव नसतं, आपल्या मित्राचं नसतं आणि खरं म्हणजे आपलंही नसतं.

पूर्वी ईदच्या आधी दुकानांत दोऱ्या बांधून ईदकार्डे टांगलेली असायची. नांदेडच्या इतवाऱ्यात असो की लातूरच्या गंजगोलाईत, आता ती शोधावी लागतात. पण कार्डासाठी दुकानावर अवलंबून राहायची गरज नाही. खोडरबर, शाई आणि जाड कागद एवढ्यावर घरातली मुले रोज्यातल्या एका दुपारी दहा-बारा कार्डे सहज तयार करतात. ती कशी करायची, कुठे अडचण येते आणि ती कशी सोडवायची, हे या लेखात आम्ही सविस्तर सांगणार आहोत. सुरुवातीलाच एक नियम सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे : नक्षी ठशाने छापायची, पण मजकूर हातानेच लिहायचा.

आपल्या घरातल्या तीन लिप्या

मराठवाड्यातल्या आपल्या घरांत एक गंमत आहे. बोलणं दखनी, शाळा मराठी किंवा सेमी-इंग्रजी आणि सकाळी मकतबमध्ये अरबी. मूल कुरआन शरीफ नाजरा पूर्ण करतं, म्हणजे अलिफ-बे त्याला येतं. पण दादीने उर्दूत लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली की ते अडखळतं. कारण कायद्यातली अरबी अक्षरे सरळ, नस्ख वळणाची आणि जेर-जबरसकट असतात. उर्दू मात्र तिरक्या, एकावर एक चढणाऱ्या नस्तालीक वळणात लिहिली जाते आणि तिथे जेर-जबर कोणी देत नाही. उलट उर्दू माध्यमात शिकणारी मुले उर्दू सुंदर लिहितात, पण शेजारच्या काकूंना मराठीत दोन ओळी लिहायच्या म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाला घाबरतात.

शिक्षक म्हणून हे आम्ही दोन्ही बाजूंनी पाहतो. वाचता येणं आणि लिहिता येणं यांत फार अंतर असतं, आणि कारण असल्याशिवाय मूल लिहीत नाही. शुद्धलेखनाची वही हे त्याच्यासाठी कारण नसतं. नानीला कार्ड पाठवायचं आहे, हे मात्र खरं कारण आहे.

अनेक लिप्या एकाच कागदावर असणं आपल्या भागाला नवीन नाही. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचं स्वतःचं टपाल खातं होतं, १८६९ पासून स्वतःची तिकिटे होती. त्या तिकिटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अक्षरेही छापलेली असत. बोटभर तिकिटावर चार लिप्या मावत होत्या. मग तळहाताएवढ्या कार्डावर दोन लिहायला काय हरकत आहे?

मुहर ते ईदकार्ड

ठसा म्हणजे मुळात मुहर. सहीह बुखारीत येतं की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रूमच्या बादशहाला पत्र लिहायचं ठरवलं, तेव्हा सांगण्यात आलं की तिथले लोक मुहर नसलेलं पत्र वाचत नाहीत. म्हणून त्यांनी चांदीची अंगठी करून घेतली. तिच्यावर तीन ओळींत मजकूर कोरलेला होता. तसाच नक्श दुसऱ्या कोणी कोरू नये, असंही त्यांनी सांगितलं होतं. पत्र कोणाकडून आलं याची खूण, हे मुहरीचं खरं काम. आपण करणार आहोत त्या ठशाचंही तेच काम आहे.

छापील ईदकार्डे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिसू लागली. टपाल स्वस्त झालं होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड सुरू झालं. रेल्वेमुळे ते लांबवर जाऊ लागलं. मुंबई, लाहोर, दिल्ली इथले छापखाने ईदकार्डे छापू लागले. काही व्यापाऱ्यांनी तर सोपा मार्ग काढला. युरोपात छापलेली फुलांची, निसर्गदृश्यांची कार्डे आणायची आणि त्यांवर वरून उर्दूत ईदच्या मुबारकबादीचे शब्द छापायचे. दिल्लीचे अभ्यासक युसुफ सईद यांनी अशा जुन्या कार्डांवर सविस्तर लिहिलं आहे. म्हणजे परक्या चित्रावर आपला ठसा मारून ते आपलं करणं हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आलेलं आहे.

साहित्य

फार काही लागत नाही.

कागद : दोनशे ते अडीचशे ग्रॅमचा जाड ड्रॉइंग पेपर किंवा आयव्हरी कार्डशीट. चकचकीत कागद घेऊ नका, त्यावर शाई वाळत नाही. ए-फोर आकाराच्या एका कागदाचे मधोमध दोन तुकडे केले आणि प्रत्येकाला घडी घातली की दोन कार्डे होतात. एखादं कार्ड खास करायचं असेल तर हातकागद वापरा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कागद्यांची ही वस्ती, असं सांगतात. हाताने कागद करण्याची कला मराठवाड्यात तिथे टिकून राहिली.

ठशासाठी : अप्सरासारखं मऊ पांढरं खोडरबर, मोठ्यात मोठं मिळेल ते. मोठ्या नक्षीसाठी जुन्या स्लिपरचा तळ किंवा पंक्चरवाल्याकडची फाटकी सायकल ट्यूब. ट्यूबचा आकार कात्रीने कापायचा आणि पंक्चरच्याच सोल्युशनने लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा. हा ठसा वर्षानुवर्षे टिकतो.

बाकी : कटर, मऊ पेन्सिल, बटर पेपर, स्टॅम्प पॅड, पोस्टर कलर, भांडी घासायचा नवा स्पंज, जुनं कापड आणि रद्दीचा गठ्ठा.

कटर मोठ्यांच्याच हातात असावं. सातवी-आठवीपर्यंतच्या मुलांनी आकार काढावा, कोरण्याचं काम अम्मी, अब्बू किंवा मोठ्या बहीण-भावाने करावं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना भेंडी द्या. भेंडी आडवी कापली की तिचा पाच-सात पाकळ्यांचा तारा उमटतो. बटाटाही चालतो, पण कापल्यावर तो कापडाने टिपून घ्या, नाहीतर त्याच्या पाण्याने शाई फिकी पडते.

ठसा कसा कोरायचा

सगळ्यात सोपी सुरुवात चंद्रकोरीने होते. खोडरबरावर एक रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिलने गोल काढा. नाणं थोडं बाजूला सरकवून दुसरा गोल काढा. दोन गोलांमध्ये उरते ती चंद्रकोर. तिच्या बाहेरचा भाग दोन-तीन मिलिमीटर खोल कापून काढायचा, कोर तेवढी उंच राहू द्यायची. कटर सरळ उभं न धरता किंचित बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे उंच भागाचा पाया रुंद राहतो आणि तो छापताना वाकत नाही. पाते फिरवण्यापेक्षा खोडरबर फिरवत गेलं तर गोलाई चांगली येते.

नक्षीसाठी लांब जायची गरज नाही. उदगीरच्या किल्ल्यातल्या कमानी पाहा. उदगीरला लागून असलेल्या बीदरच्या बिदरी कामातल्या वेली आणि गोल अशर्फी बुट्ट्या पाहा. घरातल्या जुन्या पानदानावर, सुराहीवर किंवा दादीच्या ओढणीच्या काठावरही नक्षी सापडते. एक पान, एक कळी आणि एक कमान एवढे तीन ठसे झाले तरी ते उलटसुलट, शेजारी-शेजारी मारून पूर्ण किनार तयार होते.

अक्षरांचा ठसा करताना सगळे एका गोष्टीला घाबरतात : अक्षरे उलटी कोरावी लागतात. पण उलटी लिहावी लागत नाहीत. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने सरळच लिहा. कागद पालथा करून खोडरबरावर ठेवा आणि नखाने घासा. पेन्सिलची शिसं खोडरबरावर उतरते, तीही आपोआप उलटी. तसंच कोरा. छापल्यावर अक्षरे पुन्हा सुलटी येतात.

नस्तालीकची जाड-बारीक वळणे खोडरबरात कोरणं अवघड जातं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी चौकोनी कूफी वळण घ्यावं. त्यात सगळ्या रेषा सरळ आणि काटकोनात असतात. गणिताच्या चौकटीच्या वहीत एकेक चौकट भरत गेलं की शब्द तयार होतो. गणितात रमणाऱ्या मुलांना हे फार आवडतं.

नुक्त्यांची गोष्ट

उर्दूत ‘ईद मुबारक’ लिहिताना ‘ये’च्या खाली दोन नुक्ते आणि ‘बे’च्या खाली एक नुक्ता येतो. ठशात हेच तीन नुक्ते त्रास देतात. एवढा बारीक ठिपका उंच ठेवायचा म्हणजे तो हमखास तुटतो. आणि नुक्ता गेला की अक्षर बदलतं. एक नुक्ता ‘बे’चा, दोन वर दिले की ‘ते’, तीन दिले की ‘से’.

यावर सोपा उपाय आहे. नुक्ते ठशात कोरूच नका. शब्द बिननुक्त्यांचा छापा आणि नुक्त्यांसाठी वेगळा छोटा ठसा करा. खोडरबराच्या कोपऱ्याचा बारीक चौकोनी तुकडा कापायचा आणि तो तिरका धरून टेकवायचा. बोरूच्या कलमाने काढलेला नुक्ता असाच तिरक्या चौकोनाचा असतो. खुशनवीस लोक अक्षरांची मापेही नुक्त्यांतच मोजतात : अलिफ इतक्या नुक्त्यांएवढा उंच, बे इतक्या नुक्त्यांएवढी लांब. नुक्ते स्वतः लावताना मूल प्रत्येक वेळी थांबतं आणि विचार करतं की वर की खाली, एक की दोन. चार कार्डे होईपर्यंत धडा पाठ झालेला असतो.

बाजारात शिक्का करून घ्यायचा असेल तर

शाळेसाठी किंवा मोठ्या खानदानासाठी पन्नास-शंभर कार्डे करायची असतील तर एक शिक्का करून घेणं परवडतं. पूर्वी शिशाचे टाइप जुळवून साचा करत आणि त्यात कच्चं रबर दाबून तापवत. गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ होतं. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्यानंतरच रबरी शिक्के आले. आता बहुतेक ठिकाणी पॉलिमरचे शिक्के करतात. संगणकावर केलेल्या मजकुराची निगेटिव्ह काढतात. तिच्यातून अतिनील प्रकाश टाकला की अक्षरांपुरतं पॉलिमर घट्ट होतं, बाकीचं धुऊन जातं.

दुकानदाराला उर्दू मजकूर टाइप करायला सांगू नका. मराठीसाठी लावलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दूची जोडाक्षरे अनेकदा सुटी पडतात, कधी शब्दच डावीकडून उजवीकडे लागतो. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने लिहिलेलं चित्र म्हणून न्या. आणि इथेच एक सुचवतो. दादाजान किंवा नानाजान उर्दू सुंदर लिहीत असतील तर त्यांच्याच हातून ‘ईद मुबारक’ लिहून घ्या आणि त्याचा शिक्का करा. आपल्या बुजुर्गांचं हस्ताक्षर घरात राहील आणि नातवंडांच्या कार्डांवर उमटत राहील.

शाई

कचेरीत वापरतात ते जांभळं, निळं किंवा काळं स्टॅम्प पॅड चालतं, पण त्याचा स्वभाव समजून घ्या. पॅड कोरडं पडू नये म्हणून त्या शाईत ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा पदार्थ असतो. त्यामुळे ती कागदात मुरते, हवेत लवकर वाळत नाही. हातकागदावर ती किंचित पसरते, म्हणून तिथे बारीक नक्षी नको, ठसठशीत आकार घ्या.

हिरवा, सोनेरी असे रंग हवे असतील तर पोस्टर कलर घ्या. महाराष्ट्रात कॅमलचे रंग सगळीकडे मिळतात. ज्या कॅमलिनचे हे रंग, तिची सुरुवातच १९३१ मध्ये शाईच्या पुडीने झाली होती. रंग पाण्यासारखा पातळ करू नका. साईसारखा दाट ठेवा, दोन थेंब ग्लिसरीन घाला आणि स्पंजच्या तुकड्याने ठशावर टिपा. ठसा रंगात बुडवायचा नाही. तसं केलं की खाचांत रंग भरतो आणि कागदावर नुसता डाग पडतो. पहिला ठसा नेहमी रद्दीवर मारा, दुसरा कार्डावर. सोनेरी ॲक्रिलिक वापरलं तर ठसा लगेच धुवा, वाळलेलं ॲक्रिलिक निघत नाही.

ठसा मारताना खाली चार-पाच वर्तमानपत्रांची मऊ गादी करा, सरळ दाबा, हलवू नका, सरळ उचला. फिका रंग आधी, गडद नंतर. कार्डे वाळेपर्यंत एकावर एक रचू नका.

घडी कुठून घालायची?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण आपल्यासारख्या दोन लिप्यांच्या घरात तो येतोच. मराठी कार्डाची घडी डावीकडे असते, उर्दू कार्डाची उजवीकडे. दोन्ही मजकूर एकाच कार्डावर हवेत तर घडी वरच्या बाजूला घाला, म्हणजे कार्ड खालून वर उघडेल. आत वरच्या अर्ध्यात उर्दू, खालच्या अर्ध्यात मराठी. कोणतीही लिपी उलट्या बाजूने उघडल्यासारखी वाटत नाही, आणि असं कार्ड टेबलावर तंबूसारखं उभंही राहतं.

काय छापावं, काय नको

कार्ड आज कपाटावर असतं, उद्या रद्दीत जातं. म्हणून अल्लाहचं नाव, कुरआनची आयत, प्रेषितांचं (स.) नाव कार्डावर छापू नये, असं आमचं मत आहे. ‘ईद मुबारक’ एवढं पुरेसं आहे. अनेक घरांत माणसांची, प्राण्यांची चित्रे टाळतात. वेल, फूल, कमान, तारा, कंदील यांत काहीच कमी नाही. तारीखही छापू नका. शव्वालचा चाँद २९ ला दिसेल की ३० ला, हे आधी कोण सांगणार? हिजरी साल लिहा, तेही मुलाला विचारून. हे हिजरी साल कोणतं, हे किती घरांत पटकन सांगता येतं, एकदा पाहाच.

मजकूर : इथे घाई नको

ठसे मारण्यात मुले रमतात आणि मजकुराच्या वेळी कंटाळतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आदल्या दिवशी मजकूर वहीत लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी ठसे. मजकुरासाठी आम्ही मुलांना तीनच प्रश्न देतो : कोणाला लिहितोस? त्यांनी तुझ्यासाठी या वर्षी काय केलं? त्यांच्यासाठी काय दुआ करशील?

‘प्यारी नानी, आपको ईद मुबारक’ हे झालं नेहमीचं. पण ‘नानी, मला ताप होता तेव्हा तुम्ही रात्रभर जागलात. माझे या वर्षी अकरा रोजे झाले. अल्लाह तुमच्या गुडघ्यांना आराम देवो’ हे कोणत्याच दुकानात छापून मिळत नाही. नानी उर्दू वाचत असेल तर हेच उर्दूत लिहावं लागेल. मुलाला जमत नसेल तर तुम्ही पाटीवर लिहून द्या, त्याने पाहून उतरवावं. वळण वेडंवाकडं आलं तरी दुरुस्त करू नका. नानीला सुंदर अक्षर नको असतं, नातवाचं अक्षर हवं असतं.

एक कार्ड शेजारी जावं, एक शाळेतल्या बाईंना किंवा सरांना. आपल्याकडे ईदला शीरखुर्म्याची वाटी शेजारी जाते आणि दिवाळीला फराळाचं ताट आपल्याकडे येतं. ‘काकू, दिवाळीला तुम्ही मला वेगळी डबी भरून चकली दिली होती. ईदला आमच्या घरी नक्की या’ ही ओळ मराठीत, मुलाच्या हाताने लिहिलेली असू द्या. अलीकडे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतही येणं-जाणं कमी झालंय. मोबाईलवरचं चित्र पाठवायला उंबरा ओलांडावा लागत नाही. कार्ड द्यायला मात्र दार वाजवावं लागतं, नाव घेऊन हाक मारावी लागते, आणि समोरचं माणूस ‘आत ये’ म्हणतं.

टपालाने पाठवताना

पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या चाचांना, सासरी गेलेल्या आपाला कार्ड टपालानेच जाऊ द्या. घडी घातलेलं अर्ध्या ए-फोरचं कार्ड साधारण आठ ग्रॅमचं होतं. पाकिटासकट ते वीस ग्रॅमच्या आत बसतं आणि देशात पाच रुपयांच्या तिकिटात जातं. मणी, आरसे, जाड टिकल्या चिकटवू नका, वाटेत पाकीट फाटतं. ईदच्या दहा-बारा दिवस आधी पेटीत टाका.

पाकिटावरचा पत्ता मुलालाच लिहू द्या, पिनकोडसकट. नांदेडचा ४३१६०१, लातूरचा ४१३५१२. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे, एवढं सांगितलं तरी मुलाला आपलं कार्ड वाट कशी शोधतं ते कळतं. जमलं तर त्याला पोस्टात घेऊन जा. तिकिटावर पडणारा टपालाचा शिक्का हाही ठसाच आहे, तो त्याने एकदा पाहायला हवा.

अमेरिकेच्या टपाल खात्याने १ सप्टेंबर २००१ रोजी ईदचं तिकीट काढलं. त्यावरची अक्षरे मोहम्मद झकारिया या खुशनवीसांनी लिहिली होती, तीही बोरूच्या कलमाने आणि घरी केलेल्या काळ्या शाईने. एवढ्या मोठ्या देशाच्या टपालालाही ईदची मुबारकबाद शेवटी कोणाच्या तरी हातानेच लिहून घ्यावी लागली.

असर ते मगरिबचा वेळ मुलांना जड जातो, रोजा लागलेला असतो. तोच वेळ या कामाला द्या. दस्तरखान अंथरायच्या आधी रंग-शाई आवरली जाते आणि इफ्तारला सांगायला काहीतरी असतं. या रमजानमध्ये फार नको, घरामागे पाच कार्डे करा : एक नानीला, एक दादीला, एक लांबच्या नातेवाइकाला, एक शिक्षकांना आणि एक शेजारी. मोबाईलवरच्या मुबारकबादी येत राहतील, त्यांना येऊ द्या. ही पाच कार्डे मात्र कोणाच्या तरी उशीखाली, पेटीत किंवा कपाटाच्या दाराला पुढच्या ईदपर्यंत राहतील.

सर्व वाचकांना रमजान आणि येणाऱ्या ईदच्या मनापासून शुभेच्छा.